उद्दिष्टांचा मोसम

महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत अध्यापनाच्या उद्दिष्टांना बहर येतो तो नॅकच्या भेटीआधी. १९९४ साली स्थापन झालेली ही मूल्यांकन परिषद ठरावीक निकषांवर संस्था तपासते, म्हणून प्रत्येक विषयाचे ‘कोर्स आउटकम’ कागदावर लागते. ते लिहिताना बेंजामिन ब्लूम यांच्या १९५६च्या वर्गीकरणाच्या २००१मधल्या सुधारित आवृत्तीतली क्रियापदे कामी येतात: विद्यार्थी आठवेल, विश्लेषण करेल, निर्मिती करेल. कर्ता त्या वेळी कॅन्टीनमध्ये असला तरी क्रियापदाचे काही बिघडत नाही. मग कोर्स आणि प्रोग्राम यांच्या आउटकमचा मेळ दाखवणारा तक्ता भरायचा. चौकटीत १, २ किंवा ३. मुरलेले प्राध्यापक सर्वत्र २ भरतात. ३ लिहिले तर पुरावा मागतील, १ लिहिले तर खुलासा. बाकीचे शेजारच्या कॉलेजची फाइल मागवतात आणि वरचे नाव बदलतात (कधीकधी तेही राहून जाते).

उद्दिष्टांप्रमाणे संस्थेविषयीचा जिव्हाळाही मोसमी असतो आणि पदाप्रमाणे बदलतो. कायम प्राध्यापक तिला एरवी दबक्या आवाजात ‘मॅनेजमेंट’ म्हणतात. बढतीची मुलाखत जवळ आली की तीच ‘आपली संस्था’ होते. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला घेतलेल्या तासांचेच पैसे मिळतात, त्यामुळे तो न चुकता वर्गावर जातो. उद्दिष्टांच्या बैठकीला त्याला सहसा बोलावत नाहीत. त्या बैठकीचे इतिवृत्त टाइप करायला मात्र त्यालाच थांबवून घेतात, अर्थात बिनपगारी.