वावधनवाले काका

मे महिन्यात दुपारी एक वाजता अमरावतीच्या गच्च्यांवर दोनच जीव दिसतात. वानर आणि काका. त्यातलं वानर निदान टाकीच्या सावलीला बसतं. काका तापलेल्या टिनावर ओलं पोतं अंथरून बसलेले असतात. डोक्याला पांढरा दुपट्टा, अंगात बनियन, हातात बारा-तेराचा पाना आणि दातांत दोन वायसर. पोतं वाळलं की खाली उतरतात, ते भिजवून पुन्हा चढतात. खालून काकू ओरडतात, "या आता, डोकं फिरन उन्हानं!" गल्लीचं मत असं की, तो टप्पा होऊन बरीच वर्षं झाली.

वावधन म्हणजे आमच्याकडचं वादळ. कोकणातल्या वादळाला समुद्र लागतो, नाव लागतं, चार दिवस आधी टीव्हीवर त्याचा नकाशा लागतो. आमचं वावधन बिननावाचं. दिवसभर जमीन भाजून निघते, चारच्या सुमारास आभाळ काळंनिळं होतं आणि पंधरा-वीस मिनिटांत ते चार टिनं, दोन फ्लेक्स, झाडावरच्या कैऱ्या आणि गल्लीची लाइन घेऊन निघून जातं. पाऊस पडतो तो धूळ बसण्यापुरता. अशा वावधनासाठी उन्हाळाभर तयारी करणारा एक माणूस वऱ्हाडातल्या प्रत्येक मोहल्ल्यात असतोच. बडनेऱ्यात आहे, मूर्तिजापुरात आहे, अकोल्यात जठारपेठेकडे तर असे दोघं शेजारी राहतात आणि एकमेकांची टिनं पाहून नाकं मुरडतात.

आमचे काका मूळचे कवेलूच्या घरातले. लहानपणी पावसाळ्याआधी घर फेरायचं म्हणजे सणच असायचा, असं ते सांगतात. फुटकी कवेलू काढायची, नवी बसवायची, वळचण नीट करायची. मग वानरांचे कळप गावात मुक्कामाला आले, फेरलेलं घर दोन दिवसांत पुन्हा फुटायला लागलं आणि वऱ्हाड कवेलूवरून टिनावर आलं. काकांच्या मते हा वानरांचा विजय आहे. टिनावर वानर नाचलं तर नुसता आवाज होतो. टीन न्यायला वावधनच लागतं.

टीन कसं उडतं, यावर त्यांचं एक व्याख्यान आहे. ते कुठंही होऊ शकतं, पण लग्नात हमखास होतं. आमच्या लग्नांचे मुहूर्त मे महिन्यात आणि वावधनाचेही. सगळे वऱ्हाडी नवरदेवाकडे बघत असताना काका मांडवाच्या खुंट्यांकडे बघत असतात. एकदा ऐन मंगलाष्टकांत ते दोराला गाठ मारताना सापडले. अक्षता त्यांनी वराच्या दिशेनंच टाकल्या, पण बसल्या बसल्या. जेवणाच्या पंगतीत त्यांनी लग्नपत्रिकेची एक पट्टी फाडली, ओठांखाली धरली आणि तिच्यावरून जोरात फुंकर मारली. खाली लोंबणारी पट्टी वर उचलली गेली.

"पाह्यलं? म्या वरून फुकलं, तरी हे वर आलं. टीन दबून जात नाही लेका, उपटून जाते. वरचा वारा त्याले वढते, खालून घुसलेला ढकलते. कोपरे आन् कडा आंधी जाते. म्हून बोल्ट तिथं जास्ती पायजे."

वाढप्याच्या हातातली बुंदी तशीच राहिली. विज्ञान मात्र बरोबर आहे, हे कबूल करायला हवं.

टिनावर दगड दिसला की त्यांचं पित्त खवळतं. आमच्या भागात दहातल्या सहा टिनांवर दगड असतात. विटा, जुने टायर, फुटका पाटा, एके ठिकाणी तर बंद पडलेला टीव्ही. "दगडं ठेवले म्हून टीन राहीन? टीन त जाईनच, दगडंई नेईन. आन् ते पडीन कोनाच्या टकुऱ्यात?" एवढं बोलून ते समोरच्याच्या टकुऱ्याकडे बघतात. समोरचा नकळत एक पाऊल मागं सरकतो.

अमरावतीच्या काकांचा अर्धा जीव अकोल्यात आहे. तिथं त्यांचे साडभाऊ राहतात आणि तेही याच जातीचे. वावधन नेहमी अकोल्याकडून येतं, असा दोघांचा सिद्धांत. फोन आला की पहिला प्रश्न तब्येतीचा नसतो.

"सुटलं का?"

"सुटलं न बाप्पा! आयकू येऊन राह्यलं का?" साडभाऊ फोन टिनाच्या दिशेनं धरतात. तिकडून धडाधड आवाज येतो आणि लाइन जाते. काका घड्याळ बघतात. अमरावती-अकोला रस्त्यानं जून २०२२ मध्ये विश्वविक्रम केला, पंचाहत्तर किलोमीटर डांबर सुमारे एकशे पाच तासांत सलग अंथरलं. पण काकांच्या लेखी त्या वाटेवरचा खरा विक्रम वावधनाचा. दीड तासात बडनेरा गाठलं नाही, तर ते अस्वस्थ होतात. कधीकधी ते मूर्तिजापूरलाच विरतं. त्या रात्री काका नीट जेवत नाहीत.

साडभाऊही कमी नाहीत. २०२४च्या मेअखेरीस अकोल्यात उन्हापायी चक्क जमावबंदी लागली. काकांनी काळजीनं फोन केला, तर साडभाऊ गच्चीवरच. "जमाव कुठी हाये? टिनावर मी एकटाच हावो."

दोघंही समुद्रातल्या वादळांचा अभ्यास करतात. ३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर चढलं, तेव्हा पाचशेहून जास्त किलोमीटरवर आमचे काका गच्चीवर टाकी भरत होते. हजार लिटरची टाकी भरली की टनभर वजन होतं, ती हलत नाही. रिकामी टाकी शेजाऱ्याच्या अंगणात सापडते. आम्ही हसलो. पुढं सप्टेंबर २०२१ मध्ये 'गुलाब' नावाचं वादळ पार आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्यावरून आलं आणि त्याच्या उरलेल्या ढगांनी विदर्भ-मराठवाड्याला झोडपून काढलं. काका तेव्हा काही बोलले नाहीत. आठवडाभर फक्त आमच्याकडे बघत होते.

अक्षय्यतृतीयेच्या दुसऱ्या दिवशी भेंडवळच्या घटमांडणीचं भाकीत येतं. घागरीखालच्या चार ढेकळांवरून पावसाळ्याचे चार महिने कळतात, धान्यांवरून पिकं कळतात, पानविड्यावरून राजाचं कळतं. काका श्रद्धेनं सगळं वाचतात आणि पेपर घडी करून ठेवतात. "समदं हाये, पन टिनाचं काईच नाही."

त्यांचं खरं दुखणं मात्र कूलर आहे. खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर बसलेला तो डबा. "काढावा त उकाड्यानं मानूस जाते, ठेवावा त वावधनानं कूलर जाते." मृग लागेपर्यंत दोन्हींपैकी काहीही होऊ शकतं. त्यावर त्यांनी काढलेला उपाय म्हणजे सायकलच्या जुन्या ट्यूबा. गल्लीतले सगळे कूलर आता ट्यूबांनी खिडकीच्या गजाला बांधलेले आहेत. लांबून बघणाऱ्याला वाटतं, इथं कूलरचोरांचा सुळसुळाट असावा.

गल्ली त्यांना हसायची ती ९ एप्रिल २०२३ पर्यंत. त्या रविवारी रात्री बाळापूर तालुक्यातल्या पारसला देवस्थानातल्या टिनाच्या शेडवर वावधनात जुनं निंबाचं झाड कोसळलं. शेडमध्ये आसऱ्याला थांबलेली सात माणसं गेली. दुसऱ्या दिवशी काका सकाळीच बाहेर पडले, पण हातात पाना नव्हता. गल्लीच्या टोकाच्या निंबाभोवती ते दोन-तीन फेऱ्या मारून आले, मुळाशी पायानं माती दाबून पाहिली, वर पाहिलं. झाड तोडा, असं ते म्हणाले नाहीत. त्याच सावलीत त्यांची पानपट्टी आहे. वाळलेल्या फांद्या मात्र त्यांनी उतरवून घेतल्या. आता आभाळ भरून आलं की ते गच्चीवर चढण्याआधी निंबाखाली जातात आणि तिथं थांबलेल्या पोट्ट्यांना आणि स्कूटरवाल्यांना आमच्या स्लॅबखाली हाकलत आणतात. कोणी "टीन पाहा न काका" म्हटलं, तर म्हणतात, "टीन मंग."

मी परवा गच्चीवर चढून आमच्या टिनावरचे दगड उतरवले. नऊ निघाले, शिवाय अर्धी वीट आणि आजोबांच्या वेळचा खलबत्ता. तुमच्याही टिनावर असतील, तर तेवढे उतरवून ठेवा. आणि काकांचा बारा-तेराचा पाना कोणाकडे राहिला असेल, तर २५ मेला नवतपा लागायच्या आत परत करा. ते मागत नाहीत. रोज येऊन दारात उभे राहतात आणि टिनाकडे बघतात.