दुष्काळ 31 ऑक्टोबरला पडतो

देवळाली कॅम्पची हवा कोरडी आहे, आणि इथे ही कौतुकाची गोष्ट मानली जाते. याच हवेसाठी मुंबईच्या गुजराती आणि पारशी शेठियांनी लॅम रोडच्या आजूबाजूला बंगले बांधले, आरोग्यधामं उभी केली, आणि दमेकरी माणसं छाती मोकळी करायला इथे येऊन राहिली. कॅम्पातून भगूर मागे टाकून पांढुर्लीच्या रस्त्याला लागलं की विंचूर दळवी येतं आणि तालुका बदलतो. नाशिक संपतो, सिन्नर सुरू होतो. हवा तीच, तितकीच कोरडी. फरक एवढाच, की इकडे तिचे पैसे मोजावे लागतात आणि तिकडे ती सरकारला जाहीर करावी लागते.

एका बाकावर बसणारे दोन विद्यार्थी नुसते कल्पून पाहावेत. एक भगूरचा, दुसरा विंचूर दळवीचा. दोघंही कॅम्पातल्या एसव्हीकेटीत, म्हणजे मराठा विद्या प्रसारक समाजाच्या श्रीमती विमलाबेन खिमजी तेजुकाया महाविद्यालयात, दुसऱ्या वर्षाला. दोघांच्या घरी सोयाबीन आणि थोडा कांदा. दोघांच्या विहिरींनी एकाच आठवड्यात तळ दाखवला. 31 ऑक्टोबर 2023 ला राज्य सरकारने 15 जिल्ह्यांतल्या 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. नाशिक जिल्ह्यातून त्या यादीत सिन्नर, मालेगाव आणि येवला बसले. नाशिक तालुका बसला नाही. म्हणजे त्या संध्याकाळपासून बाकाच्या डाव्या अर्ध्या भागात दुष्काळ होता आणि उजव्या अर्ध्या भागात सगळं आलबेल होतं. दहा दिवसांनी सरकारने आणखी 1021 महसूल मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती मान्य केली. तालुक्याच्या रेघेच्या आत मंडळाच्या रेघा आल्या. बाक होता तेवढाच राहिला.

याआधीचा मोठा दुष्काळही 31 ऑक्टोबरलाच पडला होता, 2018 साली. त्याच्या आठ दिवस आधी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी 180 तालुक्यांत दुष्काळसदृश परिस्थिती असल्याचं सांगितलं होतं. शासन निर्णय निघाला तेव्हा त्यातले 151 उरले: 112 गंभीर, 39 मध्यम. आठवड्याभरात 29 तालुके सावरले, तेही ऑक्टोबरच्या उन्हात. जलसंधारण खात्याने या पराक्रमाचं श्रेय कुठे घेतल्याचं दिसत नाही, हा त्या खात्याचा विनय. नाशिक जिल्ह्यातले आठ तालुके त्या यादीत होते आणि त्यात इगतपुरीही होता, जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. यात हसण्यासारखं काही नाही खरं तर. इगतपुरीचा पाऊस डोंगरावरून वाहून जातो आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या वाड्या टँकरची वाट पाहतात. पण यादी वाचणाऱ्या पुण्या-मुंबईच्या माणसाला हे कळायला एक उन्हाळा तिथे काढावा लागेल.

मोजमापाची यंत्रणा आहे, आणि ती खोटी नाही. केंद्राच्या 2016 च्या दुष्काळ संहितेनुसार पावसाची तूट, खंडाचे आठवडे, पेरणीखालचं क्षेत्र, जमिनीतला ओलावा, उपग्रहाने टिपलेला पिकाचा हिरवेपणा असे निर्देशांक तपासले जातात. मग दहा टक्के गावं निवडून शेतात प्रत्यक्ष पाहणी होते. राज्याने त्यासाठी ‘महामदत’ नावाची संगणकप्रणालीही केली. सोयाबीनचं पान पिवळं पडलं की आकाशातून दिसतं, इतकी प्रगती झाली आहे. कॉलेजच्या हजेरीपटावर जून ते ऑक्टोबर जी नावं पिवळी पडत जातात, ती मात्र एकाही निर्देशांकात येत नाहीत. तो पट उपग्रहाला दिसत नाही आणि तलाठ्याच्या दप्तरात नसतो.

दुष्काळ जाहीर झाला की सवलती लागू होतात. त्या आठ आहेत आणि वर्षानुवर्षं त्याच आहेत. जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचं पुनर्गठन, शेतीशी निगडित कर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात 33.5 टक्के सूट, शालेय आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्कात माफी, रोजगार हमीच्या कामांच्या निकषात शिथिलता, गरज पडेल तिथे पिण्याच्या पाण्याचे टँकर, आणि टंचाईच्या गावांत शेतीपंपाची वीज न तोडणं. (33 च्या पुढचा तो अर्धा टक्का कुणी आणि कोणत्या हिशेबाने घातला असेल, हे एखाद्याच्या पीएचडीला पुरेल.) विद्यार्थी पाचव्या जागी आहे, पंपाचं वीजबिल आणि रोजगार हमी यांच्या मधोमध. ज्याने ही यादी लिहिली त्याला खेड्यातलं घर पक्कं माहीत असावं. घरातही क्रम हाच असतो: आधी पंप थांबतो, मग कॉलेज, मग कामाचा शोध सुरू होतो.

आता जरा वेळापत्रक पाहू. बारावीचा निकाल मे महिन्यात. पदवीचे प्रवेश जून-जुलैत, रेंगाळले तर ऑगस्टपर्यंत. पाऊस दडी मारतो ती जुलै-ऑगस्टात; 2023 चा ऑगस्ट तर देशभरात 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. पोळ्यापर्यंत घरात निर्णय झालेला असतो. थोरला पोरगा मुसळगाव, अंबड नाहीतर सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटदाराकडे बारा तासांच्या पाळीवर जातो आणि बहिणीला ‘पुढच्या वर्षी बघू’ असं सांगितलं जातं. मग ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी दुष्काळ पडतो आणि परीक्षेचं शुल्क माफ होतं. फॉर्म भरणाऱ्याला ते माफ होतं. जो कॉलेजातून गेला तो फॉर्म भरत नाही, जो फॉर्म भरत नाही त्याला माफ करण्यासारखं काही उरत नाही, आणि म्हणून योजनेच्या अहवालात असा एकही दुष्काळग्रस्त विद्यार्थी सापडत नाही ज्याला दुष्काळामुळे शिक्षण सोडावं लागलं. अंमलबजावणी म्हणतात ती ही.

बरं, माफी म्हणजे तरी काय? बहुतेक वेळा प्रतिपूर्ती. आधी शुल्क भरायचं, मग कॉलेजने यादी करायची, यादी विद्यापीठाकडे किंवा मंडळाकडे जायची, तिथून शासनाकडे, आणि पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यात परत. त्यासाठी रहिवासी दाखला, बोनाफाईड, पासबुकाची झेरॉक्स. वाट पाहण्याची कॅम्पाला तशी जुनी सवय आहे. इंग्रजी अमलात नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या बोटीसाठी इथल्याच बराकींत महिनोन्‌महिने ताटकळत, आणि त्यातल्या काहींची डोकी फिरत. प्रतिपूर्तीची वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत तशी नोंद नाही. बहुधा तोवर ते पदवीधर होऊन बाहेर पडतात, आणि डोकं फिरायला दुसरी कारणं मिळतात.

2019 साली तर आणखी मजा झाली. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या अवकाळी पावसाने द्राक्षं आणि कांदा झोडपला. मुंबईत सरकार बनत नव्हतं आणि 12 नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली. मग राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी मदत जाहीर केली: खरीप पिकांना हेक्टरी 8,000, फळबागांना हेक्टरी 18,000, दोन हेक्टरच्या मर्यादेत, आणि सोबत बाधित भागातल्या शेतकऱ्यांच्या मुलांना परीक्षा शुल्कात माफी. राज्यपाल हेच विद्यापीठांचे कुलपतीही असतात. म्हणजे शुल्क ज्यांच्या विद्यापीठात भरायचं आणि ज्यांच्या आदेशाने माफ व्हायचं, ते एकच गृहस्थ. इतकी एकखिडकी व्यवस्था राज्यात क्वचितच होते. तरीही माफीच्या अंमलबजावणीसाठी विद्यार्थी संघटनांना निवेदनं द्यावीच लागली.

पुढच्या वर्षी करोना आला. केंद्राने तो मार्च 2020 मध्ये आपत्ती म्हणून अधिसूचित केला होता, त्यामुळे या वेळी तारखेचा तरी प्रश्न नव्हता. राज्याच्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने अंतिम वर्षाची परीक्षा नको म्हटलं, विद्यापीठ अनुदान आयोगाने 6 जुलैला ती सप्टेंबरअखेर घ्याच म्हटलं, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयात हा खल चालू असतानाच, 7 ऑगस्टला, देशातली पहिली किसान रेल देवळाली स्टेशनातून बिहारमधल्या दानापूरकडे निघाली. शेतमालाला गाडी मिळाली, तारीख मिळाली, वेळ मिळाली. शेतकऱ्याच्या पोराला परीक्षा आहे की नाही, हे कळायला 28 ऑगस्ट उजाडला. न्यायालयाने सांगितलं, आपत्ती कायद्याखाली परीक्षा पुढे ढकलता येईल, पण परीक्षेवाचून पदवी देता येणार नाही. 12 ऑक्टोबरला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची ऑनलाइन परीक्षा सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी तांत्रिक गोंधळ झाला.

हे विद्यापीठ देवळालीपासून दोनशे किलोमीटरवर आहे. नाशकात राज्याची स्वतःची दोन विद्यापीठं आहेत, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठ. पण साध्या बीए-बीकॉमवाल्याचं गाऱ्हाणं पुण्यालाच जातं. तिथे गेलेल्या पोरांचं काय चाललं होतं, तेही पाहावं. 2018 च्या दुष्काळाचं वर्ष सरता सरता, एप्रिल 2019 मध्ये, विद्यापीठाच्या भोजनगृहात नवे नियम आले. त्यातला एक असा, की एका ताटात दोघांनी जेवायचं नाही. दुष्काळी भागातल्या पोरांनी एक थाळी घेऊन दोघांत भागवणं हे प्रशासनाला शिस्तीत बसणारं वाटलं नसावं. विद्यार्थ्यांनी आंदोलन केलं आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. आठ सवलतींत जेवणाचं ताट कुठेच नाही, तेव्हा नियमाला अडसर येण्याचं कारणही नव्हतं.

पोरं कॉलेज सोडतात ती परीक्षा शुल्कामुळे नाही. वर्षाच्या खर्चात ते सगळ्यात लहान आकड्यांपैकी एक. सोडतात ती खोलीचं भाडं, मेस आणि एसटीचा पास यांच्यामुळे. 2015 च्या दुष्काळात लातूर जिल्ह्यातल्या बारावीच्या एका मुलीने एसटीच्या पासाला घरात पैसे नाहीत म्हणून जीव दिला. त्यानंतर दुष्काळी भागातल्या विद्यार्थ्यांना मोफत पास देण्याची घोषणा तेव्हाचे परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी केली. या प्रसंगावर उपहास चालत नाही, आणि चालवू नये.

विद्यार्थ्यांचा राग कुठवर जातो, हे सरकारला माहीत नाही असंही नाही. 1972 च्या दुष्काळानंतर दोनच वर्षांनी मराठवाडा विकास आंदोलन पेटलं, ते पेटवलं विद्यार्थ्यांनीच. नोकऱ्या, रेल्वे, विकासाचा अनुशेष या त्यांच्या मागण्या होत्या, आणि वसमतला पोलिसांच्या गोळीबारात दोन विद्यार्थी मारले गेले. परीक्षा शुल्क कमी करा, असं त्या मोर्च्यांत कुणी ओरडत नव्हतं.

नियम बदलायचा तर फार अवघड नाही. माफी परीक्षेच्या फॉर्मवर न देता दुसऱ्या सत्राच्या प्रवेशावर द्यावी, आणि दुष्काळ जाहीर झाला की ऑगस्ट-सप्टेंबरात गळालेल्या मुलांना नोव्हेंबरमध्ये परत नाव घालू द्यावं. ज्या मंडळात टँकर सुरू होतो त्या मंडळातल्या विद्यार्थ्याचा पास आणि मेसचं बिल त्याच आदेशात बसवावं. तालुक्याची रेघ बाकावरून काढून टाकावी. कॉलेजकडे पत्ते आहेत, कोण कुठून येतं ते प्राचार्यांच्या कारकुनाला तहसीलदारापेक्षा जास्त ठाऊक असतं. आणि हजेरीपटाची एक प्रत दर सप्टेंबरला जिल्हाधिकारी कार्यालयात मागवावी. त्याला उपग्रह लागत नाही, टपाल पुरतं.

2025 च्या सप्टेंबरमध्ये दुष्काळाऐवजी अतिवृष्टी आली आणि मराठवाड्यातली, सोलापूरकडची शेतं मातीसकट वाहून गेली. 7 ऑक्टोबरला मुख्यमंत्र्यांनी 31,628 कोटी रुपयांची मदत जाहीर केली. सवलतींच्या यादीत परीक्षा शुल्काची माफी होतीच. त्या वर्षीचे पदवीचे प्रवेश तोवर संपलेले होते.