नानांची घट

परभणीच्या मोंढ्यात नानांची आडत आहे. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आमच्याकडे म्हणतात. मोंढ्यातल्या हमालांनी त्याला ‘अन् पंगतीत नाना’ असं शेपूट जोडलं होतं. नाना ज्या ओळीत बसत, तिकडं वाढपी जिलेबीचं ताट घेऊन एकटा जात नसे.

तेव्हा त्यांचं वजन 142 किलो होतं. हा आकडा दवाखान्यातला नव्हे, दुकानातल्या धान्याच्या काट्यावरचा. घरचा काटा 130 ला हात टेकायचा. शनिवारी आवराआवर झाली की नाना पोत्यांच्या जागी उभे राहत, आणि तोलणारा सवयीनं बारदान्याचा एक किलो वजा करी.

साखर वाढली, गुडघे गेले, रात्रीच्या घोरण्यानं शेजारच्या घरी पाहुणे टिकेनात. नितीन गडकरींनी 2011 साली मुंबईत वजनाचं ऑपरेशन करून घेतल्याचं कुणीतरी सांगितलं, तेव्हा नाना विचारात पडले. ज्या माणसाच्या खाण्याच्या आवडीची चर्चा दिल्लीत होते, त्यानं केलं म्हणजे त्यात काहीतरी फायदा असणार. नाना देवगिरी एक्सप्रेसनं संभाजीनगरला गेले आणि पोट कमी करून आले.

या ऑपरेशनात जठराचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकतात. उरते ती केळाएवढी नळी. जपानी संशोधकांनी 1999 साली शोधलेलं घ्रेलिन नावाचं भूक लावणारं संप्रेरक मुख्यतः त्या काढलेल्या भागातच तयार होतं. डॉक्टरांनी हे चित्र काढून समजावलं. मोंढ्यात परतल्यावर नानांनी ते एका वाक्यात सांगितलं, “गोदामबी गेलं अन् हाका मारून गिऱ्हाईक आणणारा दलालबी गेला.”

पहिले पंधरा दिवस नुसतं पातळ: वरणाचं पाणी, ताक, नारळपाणी. तेही एका दमात नाही. नानी औषधाच्या झाकणानं मोजून द्यायच्या आणि नाना त्या झाकणाकडे, शेतकऱ्यानं कडता कापलेल्या हिशोबाच्या पट्टीकडे बघावं तसे बघायचे. पुढं दाटसर, मग मऊ, मग भाकरी. पण मधल्या काळात त्यांची जीभ बदलली. असं बऱ्याच जणांना होतं. आवडीच्या वासानं मळमळतं, गोड फार गोड लागतं. नानांना हे पटेना. आपली जीभ चुकेल, हे त्यांना मान्यच नव्हतं. त्यांनी आधी गवळी बदलला, मग तेलाचा घाणा, मग दळणाची गिरणी. एकदा मिठाचा पुडा दुकानदाराला परत करून आले. आणि तो घेतला गेला, यावरून नानांची मोंढ्यातली पत कळावी.

घास बारीक होईस्तोवर चावायचा, पंचवीस-तीस वेळा तरी, असं आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं होतं. नाना मोजणीत पक्के. फक्त आडतीत मोजणी एकपासून होत नाही. पहिल्या मापाला ‘लाभ’ म्हणायचं आणि मग दोन, तीन. त्यामुळे नाना जेवायला बसले की घरात “लाभ... दोन... तीन...” असं पुटपुटणं चालायचं. सतराच्या आसपास कुणी सोयाबीनचा भाव विचारला की हिशोब चुके, आणि प्रामाणिक नाना पुन्हा ‘लाभ’पासून सुरुवात करत. एक चतकोर भाकरी आणि वाटीभर मुगाचं वरण संपायला पाऊण तास. जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही. एप्रिल-मेमध्ये परभणीचा पारा 44 च्या वर जातो, तेव्हा हा अर्धा तास नानांनी मोबाइलवर गजर लावून काढला. गजर वाजला की दुकानातले सगळेच पाणी प्यायचे. नानांसमोर आधी पिण्याची कुणाची हिंमत नव्हती.

केस गळायला लागले, ते चौथ्या महिन्यात. बी-12 ची इंजेक्शनं, लोह, कॅल्शियम सुरू होतंच. त्याबद्दल नाना बोलत नाहीत. टोपी होती.

खरा जाच व्हायचा तो व्यवहाराचा. शंभर रुपयांच्या मालाचे शंभर देणं नानांना कळतं. पण स्टेशनजवळच्या खानावळीत पोटभर थाळीचे पूर्ण पैसे देऊन चार घास खाणं म्हणजे उघड्या डोळ्यांनी घातलेली खोट. म्हणून त्यांनी एक कार्ड छापून घेतलं. एका बाजूला फोटो, दुसऱ्या बाजूला मजकूर: ‘या व्यक्तीच्या जठराची शस्त्रक्रिया झाली असून ती अत्यल्प अन्न घेऊ शकते. कृपया अर्ध्या दरात जेवण द्यावे.’ वर लॅमिनेशन. खानावळवाल्यानं ते वाचलं, फोटो बघितला, तेव्हा अजून एकशे दहा किलोवर असलेल्या नानांकडे बघितलं.

“मालक, अर्धी थाळी नसती आपल्याकडं.”

“मग माणशी कामून लावता? घासाशी लावा.”

शेवटी तोडपाणी होऊन एका थाळीत नाना आणि त्यांचा नातू, असं ठरलं. नातू दोन माणसांचं खातो. खानावळवाल्याचं काही वाचलं नाही, पण नाना जिंकल्यासारखे बाहेर आले.

हे कार्ड आग्रहापुढं मात्र चाललं नाही. येळवसेला, म्हणजे वेळ अमावस्येला, ते व्याह्यांच्या शेतात गेले होते, गंगाखेडच्या पुढं. कडब्याची कोप, आत पांडव मांडलेले, भज्जीचं भलंमोठं पातेलं, बाजरीचे उंडे, मडक्यात आंबील. एरवी या दिवशी नानांच्या गाडीचा आवाज आला की विहीणबाई अजून एक पातेलं चुलीवर चढवायच्या. नानांनी चार चमचे भज्जी आणि उंड्याचा लहानसा तुकडा खाल्ला, आणि थांबले. तेवढ्यानं पोट भरलं होतं. भरल्यावर एक घास जादा गेला तर छातीत दगड ठेवल्यासारखं होतं, हे ते एकदा भोगून बसले होते.

“काय चुकलं ओ आमचं?” विहीणबाईंचा आवाज बदलला.

“काय बी नाही. लई झालं.”

“लई? आमच्या पोरीकडं काय बोलणं झालं का?”

नानांनी खिशातून कार्ड काढलं. व्याह्यांचा चष्मा घरी राहिलेला, म्हणून त्यांच्या धाकट्यानं कोपीपुढं उभं राहून ते मोठ्यानं वाचलं. सगळं शेत गप्प झालं. कुणीतरी उपरणं खांद्यावर नीट घेतलं. एक म्हातारा नानांजवळ सरकला, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, “म्हणजे आता कधीच नाही?” नानांना आपल्याच दहाव्याला आल्यासारखं वाटलं. निघताना विहीणबाईंनी मोठे तीन डबे बांधून दिले. पोट लहान झालंय, गाडीची डिकी नाही, असा त्यांचा हिशोब असावा.

या दिवसांत नानांना भूक अशी लागायचीच नाही. घड्याळ बघून जेवायचं, औषधासारखं. “पोट भरतंय, डोळे भरंनात,” असं ते म्हणायचे आणि संध्याकाळी गरज नसताना वसमत रोडच्या भज्याच्या गाड्यापाशी उभे राहायचे. खायचे नाहीत. तळणाऱ्याला सूचना करायचे. तेल तापलं नाही, ओवा कमी आहे, पहिला घाणा जरा लाल होऊ द्या. गाडेवाल्यानं आधी राग मानला, मग ऐकायला लागला. नाना खात असताना चवीबद्दल कधी चकार शब्द बोलले नव्हते, याचं मला आता नवल वाटतं. बोलायला तोंड रिकामं नसायचं, एवढंच असेल.

दीड वर्षानं वजन 89 झालं. “अर्धा क्विंटल घट,” नाना काट्यावरून उतरत म्हणाले, “आतापर्यंत घट आली की मी शेतकऱ्याचे पैसे कापत होतो. हितं मीच पैसे भरले अन् घट विकत आणली.” त्याच सुमारास एका सकाळी सौद्याच्या गर्दीत त्यांच्या पोटातून आवाज आला. नाना बोलता बोलता थांबले. दलाल परत आला होता! नानांनी मोंढ्यात पेढे वाटले आणि स्वतः पाव पेढा खाल्ला, ‘लाभ’पासून मोजत.

भूक अशी वर्ष-दीड वर्षानं थोडी थोडी परतते, हे अपेक्षितच असतं. अपेक्षित नव्हतं ते पुढचं. तीन महिन्यांत काटा 93 वर गेला. आहारतज्ज्ञ बाईंनी फोनवर सगळं विचारलं. जेवण मापात, गोड बंद, बिस्किटं नाहीत, चिवडा नाही. मग त्यांनी वही लिहायला लावली: तोंडात गेलेला प्रत्येक दाणा लिहायचा. नानांनी हे अक्षरशः घेतलं. वहीची पानं अशी होती: हरभरा, बोरीचा शेतकरी, चार दाणे. भुईमूग शेंगा, जिंतूरकडचा माल, सहा शेंगा. तीळ, चिमूट. हरभरा, पुन्हा चार. सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत, ओळीनं ओळ.

आडत्या परखीनं पोत्यातून माल काढतो, तळहातावर पसरतो आणि दोन-चार दाणे दाताखाली धरून ओलावा सांगतो. पूर्वी नाना ते थुंकायचे. भूक परतल्यापासून गिळायला लागले होते, आणि त्यांना स्वतःलाच ते ठाऊक नव्हतं. जेवणाला जागा नसलेल्या पोटात हे असं येता-जाता खाणं बिनबोभाट उतरतं आणि वजन परत आणतं. बाईंचे निम्मे रुग्ण तिथंच घसरतात म्हणे, फक्त इतरांकडे फरसाणाचा डबा असतो, अख्खा मोंढा नसतो.

बाईंनी सांगितलं, चव बंद. ओलावा यंत्रानं मोजा.

नानांनी मीटर आणलं, कुरकुरत. पहिल्याच दिवशी एका शेतकऱ्याच्या सोयाबीनचा ओलावा यंत्रानं 11 दाखवला. नानांच्या दातानं तो 14 सांगितला असता. तीस वर्षं तेच सांगत आला होता. पोऱ्यानं आकडा मोठ्यानं वाचला. दुकानासमोरची रांग बघता बघता वाढली. आता तर नाना सवयीनं परखीतले दाणे उचलू लागले की रांगेतून कुणीतरी ओरडतंच, “ओ नाना, पथ्य! पथ्य!” मागच्या आठवड्यात तिघा शेतकऱ्यांनी मिळून त्या बाईंसाठी ज्वारीचं एक पोतं संभाजीनगरला पाठवलं. हमाली, तोलाई नानांच्या नावावर टाकली.