माझं पितळ

टेक्ससमध्ये राहणाऱ्या भाच्यानं रात्री साडेदहाला फोन करून विचारलं, "मामा, रायफलीच्या पुंगळ्या नव्या घेऊ की वापरलेल्या?"

मी ताडकन उठून बसलो. या घरात माझा सल्ला फक्त वांगी कोवळी की जून एवढ्यापुरता घेतात, तोही वांगी घेऊन झाल्यावर. आणि इथे थेट दारूगोळ्याबद्दल विचारणा! "विचार करून सांगतो," असं म्हणून मी भारदस्तपणे फोन ठेवला.

त्यानं मलाच का विचारलं, हे उघड होतं. धारवाडला कॉलेजात असताना एनसीसीच्या फायरिंगमध्ये मी पाच गोळ्यांत टार्गेटवर सहा भोकं पाडली होती. ही गोष्ट मी भाच्याला तो तीन वर्षांचा असल्यापासून सांगत आलोय. सहावं भोक शेजारी लोळलेल्या मुलाचं होतं, हा तपशील त्याच्या वयाला झेपेल असं मला कधी वाटलं नाही. उस्तादांना भोकांचं काहीच नव्हतं. त्यांना रिकाम्या पुंगळ्या मोजून परत हव्या होत्या. चार भरल्या. पाचवीसाठी अख्खी तुकडी गवतात रांगली, आणि ती माझ्याच पोटाखाली निघाली.

आपल्याकडे 1959च्या शस्त्र कायद्यामुळे परवान्याशिवाय काडतूस भरता येत नाही, म्हणून हा छंद आपल्याला परका. तिकडे बार झाल्यावर मागे राहिलेली पितळी पुंगळी लोक घरी आणतात आणि नवी टोपी, नवी दारू, नवी गोळी घालून पुन्हा भरतात. नवी पुंगळी महाग. रेंजवर वेचलेली स्वस्त, पण तिचा पूर्वेतिहास कळत नाही. थोडक्यात, स्थळ बघणंच. बुडावर कारखान्याचा शिक्का असतो, ते गोत्र. फक्त इथे सगोत्र तेवढी एकत्र ठेवायची. मान चिरलेली नको. बुडाच्या जरा वर चकचकीत कडं दिसलं तर मुळीच नको, तिथे पितळ ताणून पातळ झालेलं असतं.

हे सगळं मी पुढच्या आठवड्यात वाचलं. आणि वाचता वाचता मला घोडा भेटला.

इंग्रजांच्या फौजा हिंदुस्थानात पावसाळ्यात काडतुसं तबेल्यात ठेवायच्या. पावसाळा सरला की पुंगळ्या तडकलेल्या. ना धक्का, ना बार, जागच्या जागी चिरा! याचा उलगडा 1921 मध्ये झाला. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि पुंगळी घडवताना पितळेत राहून गेलेला ताण, हे तिघं एकत्र आले की पितळ तडकतं. म्हणजे ज्या साम्राज्यावर सूर्य मावळत नव्हता, त्याचा दारूगोळा एक घोडा नुसता उभ्या उभ्या निकामी करत होता. शपथ नाही, पत्रकं नाहीत, तुरुंगवास नाही. आमच्या भागात 1858 मध्ये इंग्रजांविरुद्ध उठलेल्या नरगुंदच्या बाबासाहेबांचं नाव अजून मानानं घेतात. त्यांच्या खाली, बऱ्याच खाली का होईना, या घोड्याला एक ओळ मिळावी असं माझं ठाम मत आहे. जेवताना हा विषय नको, असं बायकोचं.

असो. पुढे एक गोष्ट वाचली आणि घोडा तबेल्यात गेला. बार होताना पुंगळी फुगून रायफलीच्या आतल्या घराला चिकटते, मग किंचित आक्रसते. त्यामुळे ती त्याच रायफलीच्या मापाची होऊन जाते. दुसरीत नीट बसेलच असं नाही.

आईच्या पितळी घागरीला एका अंगाला पोचा होता. धारवाडात नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, तेव्हा ती घागर कमरेवर घ्यायची आणि पोचा बरोबर कमरेच्या हाडावर बसायचा. दुसऱ्या कुणी उचलली की डचमळायची, चौकभर पाणी. आई गेल्यावर मी ती हुबळीच्या कंचगार गल्लीत नेऊन मोडीत घातली. दुकानदारानं तराजूत टाकली, डाखाची घट धरली. काठावर ठिपक्याठिपक्यांनी आईचं नाव होतं, त्याचं वजन शून्य. त्या पैशात स्टीलचं पिंप आलं. ते अजून आहे. कुणाच्याच कमरेवर बसत नाही.

मी भाच्याला फोन केला. "वापरलेल्याच घे. पण तुझ्याच रायफलीतल्या."

"बरं. मामा, तुमच्या एनसीसीतल्या पुंगळ्या कसल्या होत्या?"

"पॉइंट टूटू," मी छाती काढून म्हणालो.

"मग त्या रिमफायर. त्यांची टोपी वेगळी नसते, कडेतच मसाला असतो. त्या पुन्हा भरतच नाहीत, मामा." माझं पितळ उघडं पडल्याचा आवाज टेक्ससपर्यंत गेला असावा, कारण तो हसला. "आणि सहावं भोक कुणाचं, ते आईनं सांगितलंय."

ताईला कुठून कळलं कोण जाणे. घागर माळ्यावर आहे, असं मी तिला सांगून ठेवलंय.