हॅमकाका

मुलुंड, घाटकोपर किंवा बोरिवली येथील एखाद्या जुन्या सोसायटीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून जिन्याच्या माथ्यापर्यंत वीसेक मीटर लांबीची तांब्याची तार ताणलेली दिसली आणि तिच्याखाली कुरडयांचे वाळवण घालण्यास सक्त मनाई असल्याचे कळले, की त्या इमारतीत एक हॅमकाका वास्तव्य करून आहेत, असे खुशाल समजावे.

तारुण्यात मोर्सची परीक्षा देऊन आणि पोलीस चौकशीचे सोपस्कार उरकून दिल्लीच्या दप्तरातून मिळवलेला ‘हॅम’चा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना त्यांनी सत्यनारायणाच्या तसबिरीशेजारी टांगलेला असतो. त्यावरील ‘व्हीयू’ने आरंभ होणारे कॉलसाइन हेच त्यांचे खरे नाव, आईबापांनी ठेवलेले केवळ शिधापत्रिकेपुरते. रात्री जग निजले की ते मोर्सच्या खटक्यावर बोट ठेवून डा-डी-डा-डी, डा-डा-डी-डा अशी हाक अंतराळात सोडतात. तिचा अर्थ एवढाच, की कोणी आहे का?

शेजारच्या बिऱ्हाडात कोण राहावयास आले हे त्यांना तीन वर्षे ठाऊक नसते. व्लादिवोस्तोकच्या एका गृहस्थाने नवा अँटेना चढवल्याची वार्ता मात्र ते गवार निवडता निवडता सांगतात. इतका खटाटोप करून त्याच्याशी बोलायचे काय, तर ‘आवाज फाइव्ह नाइन, इकडे पाऊस, सेव्हन्टी थ्री.’ व्यापारी मजकुराला नियमांची बंदी आणि घरगुती मजकुराला स्वभावाची. उरते ते हवापाणी. मला यात ऋषितुल्य निरिच्छता दिसते. काकूंना दिसत नाही. या पंथात ७३ म्हणजे शुभेच्छा आणि ८८ म्हणजे प्रेम. नवपरिणीत काकू माहेरी असताना काकांनी पत्राखाली ७३ लिहिले. तो विजेच्या बिलाचा आकडा समजून त्या माउलीने वडिलांकडून तेवढे रुपये घेऊन मनीऑर्डर धाडली.

वार्षिक सभेत तारेविषयी हरकत निघाली, की काका १९४२चा दाखला देतात: उषा मेहतांचा काँग्रेस रेडिओ याच मुंबईतून ४२.३४ मीटरवर बोलला, आणि बलाढ्य सरकारला तो सापडावयास नोव्हेंबर उजाडला! अध्यक्ष शांतपणे उत्तरतात, “काका, ती मंडळी त्यासाठी बिऱ्हाडे बदलत होती. आपणही बदलावे, ना-हरकत दाखला संस्था आजच देईल.” काका रागावत नाहीत. २००१च्या भूकंपात कच्छचे टेलिफोन मुके झाले असता कोणाच्या तारा बोलत होत्या, एवढेच विचारून ते खाली बसतात.

अलीकडे त्यांचा खरा वैरी म्हणजे स्वस्त एलईडी दिवे. गेल्या चैत्रात चाळीस मीटरच्या पट्ट्यावर अशी काही खरखर माजली, की काका हातात ट्रान्झिस्टर धरून, तो आडवा-उभा फिरवीत, तळमजल्यापासून एकेका दाराशी कान देत निघाले. दुसऱ्या मजल्यावर खरखर वाढली, तिसऱ्यावर असह्य झाली, आणि चौथ्यावर ती त्यांना थेट स्वतःच्या देवघरापाशी घेऊन आली. तेथे काकूंनी पाडव्याला आणलेली दिव्यांची माळ लुकलुकत होती.

“हिचा अडॅप्टर…” काका म्हणाले.

“अहो, आधी आरती,” काकू म्हणाल्या.

काकांनी यंत्र बंद केले आणि निमूट उभे राहिले. टाळ्या मात्र ते वाजवीत होते डा-डी-डा-डी, डा-डा-डी-डा.