पगडीआडचं प्रेम

मराठी घरात प्रेमकथा वाचायची तर एकच पथ्य पाळावं लागतं. मुखपृष्ठावर पगडी हवी. पगडी नसेल तर तलवार, अगदीच नाही तर एखादा बुरूज. मग आत नायक-नायिका दोन प्रकरणं चांदण्यात बसून राहिले तरी कुणाची हरकत नसते. आमच्या रोह्याच्या घरी सामाजिक कादंबरी हातात दिसली की आजी विचारते, "अभ्यास नाही का गं तुला?" आणि रणजित देसाईंची माधवराव पेशव्यांवरची 'स्वामी' दिसली की म्हणते, "वाच, वाच. शिकायला मिळतं." काय शिकायला मिळतं ते विचारायचं नाही. आजीची स्वतःची पारायणं झालीत. माधवरावांच्या मोहिमांचं तिला काही विचारलंत तर ती पदर सावरून स्वयंपाकघरात जाईल, पण त्यांच्या पत्नी रमाबाईंचा प्रसंग कुठल्या पानावर ते डोळे मिटून सांगेल.

शाळेत ग्रंथपाल व्हायचं म्हणून ग्रंथपालनाच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं आणि माझं हे वाचन एकदम सरकारमान्य झालं. तास पेणला. रोह्याहून गाडी पकडायची, नागोठणे, कासू मागे टाकत पेणला उतरायचं. जाताना बेतानं वाचावं लागतं, कारण आपण शनिवारवाड्यात गुंतलो तर पेण निघून जातं आणि थेट आपट्याला जाग येते. परतीला ती धास्ती नाही. दिव्याहून येणारी गाडी रोह्यालाच संपते, त्यामुळे थेऊरला माधवरावांनी डोळे मिटले तरी मी रडत रडत योग्य स्टेशनावरच उतरते.

एकदा शेजारी पोह्यांच्या पापडांचं गाठोडं घेऊन बसलेल्या मावशींनी माझी अवस्था पाहून हलकेच विचारलं, "घरातलं कोणी गेलं का गं, बाय?"

"पेशवे," मी हुंदका आवरत म्हटलं.

"कधी?"

"१७७२ साली."

मावशींनी गाठोडं उचललं आणि पलीकडच्या बाकावर जाऊन बसल्या.

वर्गात मात्र रडून भागत नाही, तिथे क्रमांक द्यावा लागतो. मेल्विल ड्युई नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १८७६ साली जगातलं सगळं ज्ञान दशांश पद्धतीने वाटून टाकलं. त्याच्या हिशेबात मराठी कादंबरीला ८९१.४६३ आणि भारताच्या इतिहासाला ९५४. म्हणजे आमचा बाजीराव लढाईला निघाला की ९५४ च्या कपाटात, आणि मस्तानीला भेटायला आला की ना. सं. इनामदारांच्या 'राऊ'मधून ८९१.४६३ च्या कपाटात. वाटेत ९२० ला चरित्रं लागतात, तिथे तोच इसम अगदी सभ्य चेहऱ्याने उभा असतो. उत्तरेत इतक्या मोहिमा केलेल्या माणसालाही एवढी दगदग झाली नसेल.

तालिकीकरणाच्या तासाला लेखकांचीच भानगड. ऐतिहासिक कादंबऱ्यांवर मराठी वाचकांच्या काही पिढ्या पोसणारे नाथमाधव म्हणजे मूळचे द्वारकानाथ माधव पितळे. सिंहगडावर शिकारीला गेले, कड्यावरून पडले, पाय कायमचे अधू झाले आणि अंथरुणात वाचता वाचता लेखक झाले. ही खरी प्रेरणादायी कादंबरी. पण कार्डावर तिला जागा किती? "पितळे, द्वारकानाथ माधव : नाथमाधव पाहा." संपलं.

प्रात्यक्षिकाला पेणच्या एका शाळेत पाठवलं. तिथल्या 'स्वामी'च्या प्रतीवर मी शास्त्रोक्त तपासणी केली. बांधणी दोनदा शिवलेली, कोपरे हळदीने पिवळे, म्हणजे पुस्तक थेट स्वयंपाकघरापर्यंत पोचलेलं. तारखांची चिठ्ठी भरली म्हणून तिच्यावर दुसरी आणि दुसरीवर तिसरी डकवलेली. शेवटाकडच्या एका पानाच्या समासात कुणीतरी बारीक पेन्सिलने लिहिलं होतं, "मी इथे थांबले." खाली दुसऱ्या अक्षरात, "थांबू नकोस, पुढे अजून रडायचंय." शेजारच्या कपाटातले इतिहासाचे जाडजूड खंड मात्र कोरे करकरीत. नियमाप्रमाणे फाटकं पुस्तक निर्लेखनाच्या यादीत जातं आणि कोरं पुस्तक संग्रहाची शोभा ठरतं. पुस्तकांना सेवापुस्तिका नसते म्हणून बरं, नाहीतर 'स्वामी' कधीच कोर्टात गेली असती.

२०२५ मध्ये शिवाजी सावंतांच्या 'छावा'वरचा सिनेमा आला आणि एरवी तासाला ढकलत आणावी लागणारी त्या शाळेतली नववीची मुलं स्वतःहून कपाटाशी आली. जाडी बघून अर्धी परत गेली, ते सोडा. उरलेल्यांपैकी एकाने पुस्तक परत देताना विचारलं, "मॅडम, हे असंच झालं होतं का हो खरोखर?" हा प्रश्न पाठ्यपुस्तक वाचून कुणी कधी विचारत नाही. कारण तिथे खरं-खोटं आधीच ठरलेलं असतं, उरतात फक्त गुण. कादंबरीने आधी जीव लावलेला असतो, म्हणून माणूस पुरावा मागतो. त्या क्षणी त्याला हाताला धरून ९५४ च्या कपाटापाशी नेणं, एवढंच ग्रंथपालाचं काम. पण ज्या ग्रंथपालाने कादंबरीच वाचली नाही, तो त्याला कुठून कुठे नेणार?

ग्रंथपालाचं काम काय, हे आम्हाला अभ्यासक्रमात रंगनाथनांकडून शिकावं लागतं. हे शि. रा. रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक. मद्रास विद्यापीठात ग्रंथपाल झाले आणि काही दिवसांतच त्या रिकाम्या शांततेला कंटाळून परत कॉलेजात पाठवा म्हणाले. पुढे त्याच माणसाने ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम लिहिले. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, हा त्यातला एक. पुस्तक आधी स्टाफरूममध्ये पास व्हावं, असा सहावा नियम त्यांनी केलेला नाही. तो शाळाशाळांतून आपापला होतो.

म्हणून तमाम मुख्याध्यापकांना माझी एक विनंती आहे. ऐतिहासिक कादंबऱ्यांचं कपाट इतिहासाच्या कपाटाला खेटून ठेवू द्या, आणि दोन्हींना कुलूप नको. क्रमांक तेच राहतील, फक्त बाजीरावाची पायपीट वाचेल. ड्युईसाहेबांची भीती बाळगू नका. ते १९३१ साली वारले, आणि रंगनाथनांचे पाच नियम छापून आले तेही त्याच वर्षी.