कॅमेरा तारेचा की बिनतारी : एडिसनहून साताऱ्यास

एडिसन, न्यू जर्सी

तीर्थरूप बाबा व आई यांस सा. न. वि. वि.

घराबाहेर लावायच्या कॅमेऱ्याला दोन गोष्टी लागतात : वीज, आणि टिपलेले चित्र पोहोचवायची वाट. दोन्ही एकाच तारेतून आणायच्या, वीज तारेने आणि चित्र हवेतून न्यायचे, की तारेला अजिबात हात लावायचा नाही, एवढाच काय तो वाद. दुकानातल्या खोक्यावर मात्र ठळक अक्षरांत ‘वायरलेस’ छापलेले असते. घरी येऊन खोके उघडले की आत वीजपुरवठ्याची तार निघते, कारण अशा बऱ्याच कॅमेऱ्यांचे फक्त चित्रच वाय-फायने जाते. पूर्ण बिनतारी कॅमेरा बॅटरीवर चालतो.

एडिसनच्या बिऱ्हाडात या प्रश्नावर दोन पक्ष आहेत. चिरंजीव तारपक्षाचे, सूनबाई बिनतारी पक्षाच्या. नात तटस्थ आहे. कॅमेऱ्यात खारी दिसल्याशी तिला मतलब.

घरगुती कॅमेऱ्याची कल्पना याच परिसरातली. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या नर्सने, इलेक्ट्रॉनिक्सचे काम जाणणाऱ्या पतीच्या साथीने, 1966 साली पेटंटसाठी अर्ज केला आणि 1969च्या डिसेंबरात ते मिळाले. दाराला वेगवेगळ्या उंचीवर भोके, त्यांच्यामागे वर-खाली सरकणारा कॅमेरा, आतल्या खोलीत टीव्हीवर चित्र, बाहेरच्याशी बोलण्याची सोय आणि दुरून दार उघडण्याचे बटण अशी ती योजना होती. आजची कॅमेऱ्याची डोअरबेल याहून फार वेगळे काही करीत नाही; दरमहा पैसे मागते, हा तिचा स्वतःचा शोध.

तारपक्षाचा मुख्य आधार म्हणजे नेटवर्कच्या एकाच केबलमधून वीज आणि चित्र दोन्ही नेण्याची पद्धत. तिचे पहिले प्रमाण 2003 साली ठरले : एका जोडणीमागे 15.4 वॉटपर्यंत वीज, आणि केबलची लांबी 100 मीटरपर्यंत. घरगुती कॅमेऱ्याला एवढी वीज सहज पुरते. सगळ्या केबल तळघरातल्या एका रेकॉर्डरला येऊन मिळतात, चित्रण घरच्याच हार्डडिस्कवर साठते, त्यासाठी कोणालाही भाडे द्यावे लागत नाही. कॅमेरा झोपत नाही. चोवीस तास चित्रण चालू. सेकंदाला 4 मेगाबिट या दराने एका कॅमेऱ्याचे दिवसाला सुमारे 43 गिगाबाइट होतात. म्हणजे चार कॅमेऱ्यांना 2 टेराबाइटची डिस्क साधारण अकरा दिवस पुरते. पुढे जुन्यावर नवे लिहिले जाते. अकरा दिवसांपूर्वी अंगणात काय घडले, याची चौकशी एडिसनमध्ये सहसा कोणी करीत नाही.

अडचण आहे ती तार ओढण्याची. अमेरिकन घर लाकडी सांगाड्याचे असते. सोळा-सोळा इंचांवर उभे लाकूड आणि त्यावर अर्ध्या इंचाची जिप्समची पाटी, एवढीच भिंत. तिला भोक पाडायला साताऱ्याच्या भिंतीसारखा अर्धा दिवस लागत नाही. पण केबल तळघरातून निघून दोन मजले चढून माळ्यावर जायची असते, आणि भिंतीच्या पोकळीत आग वर पसरू नये म्हणून मध्ये आडवी लाकडे ठोकलेली असतात. माळ्यावर काचतंतूंच्या गाद्या अंथरलेल्या. त्यांना हात लागला की दोन दिवस खाज. उन्हाळ्यात तिथे भट्टी पेटलेली असते. अमेरिकेतला मराठी इंजिनिअर घरचा वायरमन स्वतःच होतो, कारण खऱ्या वायरमनचा ताशी दर ऐकल्यावर पाठदुखी स्वस्त वाटू लागते. या कामात एकाने वर आडवे पडून तार सोडायची, दुसऱ्याने खाली टॉर्च धरून भोकाकडे बघायचे आणि दर मिनिटाला ‘दिसली का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणायचे, अशी श्रमविभागणी असते. काम शनिवारी सुरू होते. संपण्याचा वार ठरलेला नाही.

भाड्याच्या घरात किंवा बाहेरच्या भिंतीला भोक पाडू न देणाऱ्या वसाहतीत हा प्रश्नच उद्‌भवत नाही. तिथे सूनबाईंचा पक्ष बिनविरोध निवडून येतो.

बॅटरीचा कॅमेरा दोन स्क्रूंवर बसतो, चहा होईपर्यंत काम उरकते. मात्र वीज वाचवण्यासाठी तो बहुतेक वेळ झोपलेला असतो. समोरून उबदार शरीर हलले की त्यातला संवेदक त्याला उठवतो, आणि उठायला त्याला क्षण-दोन क्षण लागतात. त्यामुळे पार्सलवाल्याची पाठ उत्तम टिपली जाते. त्या उबदार शरीरांत खारी, हरणे, रकून आणि शेजारचे मांजर यांचाही समावेश होतो. प्रत्येकाची वर्दी फोनवर येते आणि बॅटरी तेवढी उतरते.

थंडीत बॅटरीचे खरे हाल होतात. शून्य अंशाखाली लिथियम-आयन बॅटरी चार्ज करणे तिला घातक असते, म्हणून चांगला कॅमेरा अशा वेळी चार्जिंगच नाकारतो. न्यू जर्सीत जानेवारीच्या रात्री शून्याखाली जातात. सौर पट्टी जोडावी, तर डिसेंबरच्या अखेरीस दिवस सव्वानऊ तासांचा, आणि पट्टीवर बर्फ. मग बर्फाळ जमिनीवर शिडी लावून कॅमेरा उतरवणे आणि स्वयंपाकघरात आणून चार्ज करणे आले. शिडीवर कोणी चढायचे, यावर दोन्ही पक्षांचे आश्चर्यकारक एकमत आहे : चिरंजिवांनी.

वाय-फायचीही काही पथ्ये आहेत. 2.4 गिगाहर्ट्‌झची लहर भिंतींतून बरी जाते, 5 गिगाहर्ट्‌झची लवकर दमते. मायक्रोवेव्ह भट्टीसुद्धा 2.4च्याच आसपास काम करते, त्यामुळे आमटी गरम होत असताना मागच्या अंगणाचे चित्र अडखळू शकते. चित्र कंपनीच्या ‘क्लाउड’मध्ये, म्हणजे ढगात, साठवायचे असेल, तर इंटरनेटचा वर पाठवण्याचा वेग पाहावा लागतो. केबल कंपन्या जाहिरातीत मोठा आकडा देतात तो खाली उतरवण्याचा. वर पाठवण्याचा बहुधा त्याच्या तुलनेत किरकोळ असतो.

वीज गेल्यावर कोण टिकते, या मुद्द्यावर दोन्ही पक्ष गप्प होतात. 2012च्या ऑक्टोबरात आलेल्या सँडी वादळात न्यू जर्सीतली लाखो घरे अंधारात होती, अनेक घरे कित्येक दिवस. अशा वेळी बॅटरीचा कॅमेरा जागा राहतो, पण राउटर बंद असल्याने त्याने पाहिलेले कोणाला कळत नाही. तारेच्या कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर यूपीएसवर असेल तर काही तास चालतो. राउटरला छोटा यूपीएस दोघांनाही लागतो.

तार म्हणजे सुरक्षितता, असेही नाही. 2016 साली ‘मिराई’ नावाच्या प्रोग्रॅमने जगभरातले कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले. युक्ती साधी होती : कारखान्यातून येतात तेच नाव आणि पासवर्ड, अशा साठ-एक जोड्या एकामागून एक लावून पाहायच्या. हा प्रोग्रॅम लिहिल्याची कबुली पुढे ज्यांनी दिली, त्यांत एडिसनच्या शेजारच्या रटगर्स विद्यापीठाचा एक माजी विद्यार्थी होता. ढगाची कथाही निर्मळ नाही. 2023 साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने रिंग या कंपनीवर ग्राहकांचे खासगी चित्रण कर्मचाऱ्यांना मोकळे ठेवल्याचा आरोप केला आणि 58 लाख डॉलरवर तडजोड झाली.

एडिसनमध्ये अखेर असे ठरले. गाडी उभी राहते तिथे आणि मागच्या अंगणात केबलचे कॅमेरे. दाराशी कॅमेऱ्याची डोअरबेल. तिची वीज जुन्या घंटीच्या 16 व्होल्टच्या तारेतून येते आणि चित्र वाय-फायने जाते, म्हणून तिला दोन्ही पक्ष आपलीच मानतात. आवाजाची नोंद बंद ठेवली आहे. शेजाऱ्यांचे आपसातले बोलणे त्यांच्यापैकी कोणाच्याही संमतीशिवाय टिपणे या राज्यात गुन्हा ठरू शकतो. रात्रीच्या अवरक्त प्रकाशात कोळ्याचे जाळे सर्च लाइटसारखे चमकते, त्यासाठी लांब दांड्याचा झाडू ठेवला आहे.

साताऱ्याच्या घराला तारेचेच कॅमेरे योग्य. दगडी भिंती आणि स्लॅब वाय-फायला दाद देत नाहीत, वायरमन फोन केला की (निदान दुसऱ्या फोनला) येतो, तार केसिंगपट्टीतून भिंतीवरूनच जाते, आणि इन्व्हर्टर घरात आहेच. त्यावर रेकॉर्डर आणि राउटर दोन्ही घ्यावेत. कोअ‍ॅक्सियल केबल आणि डीव्हीआरची जुनी पद्धतही चार कॅमेऱ्यांना पुरेशी आहे. 2025पासून भारतात सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षाचाचणी सक्तीची झाली आहे, म्हणून दुकानदाराकडचा जुना माल ‘चांगली किंमत’ म्हणून घेऊ नये. कॅमेऱ्याचे तोंड फाटकाकडे असावे, समोरच्या वाड्याच्या माडीकडे नसावे.

एडिसनचे चित्र साताऱ्यास दिसण्याची सोय केलेली आहे. उन्हाळ्यात साताऱ्याचे घड्याळ साडेनऊ तास पुढे असते. म्हणजे तीर्थरूप आईंच्या सकाळच्या सातच्या चहाला इथे रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात, आणि पोर्चमधला दिवा तसाच जळतो आहे ही वर्दी कोणत्याही संवेदकाच्या आधी पोहोचते. या सेवेला मासिक शुल्क नाही.

वायरमन काम झाल्यावर सगळे आपल्याच मोबाइलवर चालू करून दाखवतो. तो गेल्यावर पासवर्ड लगेच बदलावा. नवा पासवर्ड नातीचे नाव आणि जन्मसाल असा नसावा. तो वहीत लिहून कपाटात ठेवावा आणि कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नये.

लोभ असावा, ही विनंती.

आपला,
चि.
(सूनबाईंनी वाचून, शिडीबद्दलचा मजकूर कायम ठेवून, मंजूर केले.)